मिरगाच्या आधी जीपच्या पोटाखाली

चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचे दक्षिण टोक. पूर्वेला बेळगाव, पश्चिमेला तिलारी घाट उतरला की दोडामार्ग आणि पुढे गोवा. ताम्रपर्णी आणि घटप्रभा या इथल्या नद्या. पूर्वेकडे ऊस आणि रताळी, पश्चिमेकडे काजू, नाचणी आणि जंगल. हेरे, इसापूर, कोदाळी, तिलारीनगर या सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या पट्ट्यात पाऊस एकदा लागला की उघडीप सहजी मिळत नाही. बंधारे पाण्याखाली जातात, जांभ्याची लाल माती चाकांना धरून बसते. मार्च उजाडला की तीच माती धूळ होऊन पानापानावर चढते.

अशा मुलुखात जुनी फोर बाय फोर जीप अजूनही रोजच्या कामाला असते. काजूच्या बागेत खत न्यायचे, वाडीवरून आजारी माणूस दवाखान्यात आणायचा, जिथे डांबर संपते तिथून पुढे जायचे, ही तिची कामे. वीस-पंचवीस वर्षांची, तीन-चार हात बदललेली, लाखांच्या घरात किलोमीटर झालेली ही गाडी भरवशाची कशी ठेवायची, हा तिच्या मालकाचा रोजचा प्रश्न आहे.

'मिस्त्री चांगला पाहिजे' हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते अर्धेच खरे आहे. गाडी वाटेत उभी राहते तेव्हा कारण बहुधा किरकोळ निघते: फुटलेला होज पाईप, तुटलेला फॅन बेल्ट, डिझेल फिल्टरात साचलेले पाणी, गंजलेली अर्थिंगची पट्टी. यातले काहीही एका दिवसात बिघडलेले नसते. महिना-दोन महिने आधीपासून ते दिसत असते, फक्त कोणी गाडीखाली वाकून पाहिलेले नसते. जुन्या गाडीचा भरवसा ठरतो तो या पाहण्यावर आणि ठरल्या वेळी केलेल्या लहान कामांवर. मिस्त्रीचे कसब त्यानंतर येते.

या जीपगाड्या इतकी वर्षे टिकल्या याला त्यांच्या घडणीतलेही कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेली विलिज जीप स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत माझगावला जोडली जाऊ लागली, आणि महिंद्रांच्या पुढच्या गाड्या त्याच साच्यातून निघाल्या. ऐंशीच्या दशकातल्या एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या परवान्यावर बनलेले २,११२ सीसीचे डिझेल इंजिन होते. नंतर आलेले २,५२३ सीसीचे डीआय इंजिन बोलेरोत बसले आणि २०१० साली आलेल्या थारच्या साध्या प्रकारातही बसले. बोलेरो २००० सालापासून गावोगाव पसरली. त्यामुळे डीआय इंजिनाच्या जुन्या जीपला लागणारे फिल्टर, बेल्ट, वॉटर पंप आजही तालुक्याच्या आसपास मिळून जातात. पेट्रोलवाल्यांची लाडकी मारुती जिप्सी १९८५ ला आली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. तिचेही भाग अजून बाजारात आहेत. जाड लॅडर चासी, पुढे-मागे कमानपाटे, यांत्रिक डिझेल पंप, मोजकी वायरिंग. पान्ह्यांचा एक संच आणि थोडी समज असेल तर यातले बरेचसे काम अंगणात होते.

मात्र जुन्या जीपचे वय तिच्या मीटरवरून काढू नये. अनेक गाड्यांची स्पीडोमीटरची केबल कधीच तुटलेली असते. जुन्या मीटरला पाचच आकडे असतात, तेव्हा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येते. शिवाय लो गिअरमध्ये चिखलातून काढलेले दहा किलोमीटर आणि हमरस्त्यावरचे दहा किलोमीटर यांत इंजिनाची मेहनत सारखी नसते. लो रेशोत चाकाला सुमारे अडीचपट जोर मिळतो. त्याचा अर्थ तितक्याच अंतरासाठी इंजिन अडीचपट फिरते. म्हणून अशा गाडीची देखभाल महिन्यांवर आणि मोसमांवर बांधलेली बरी.

चंदगडच्या गाडीचा पहिला शत्रू पाणी. ओढ्यातून गाडी काढली की पाणी वरून आत शिरते असे वाटते, पण खरी गंमत एक्सलमध्ये घडते. तासभर चाललेला एक्सल तापलेला असतो आणि त्याच्या आतली हवाही. तो एकदम थंड पाण्यात गेला की ती हवा आकसते आणि बाहेरचे काही ना काही आत ओढून घेते. एक्सलच्या वर ब्रीदर नावाची बारीकशी झडप असते, तिच्यातून हवा आत-बाहेर व्हावी ही योजना. ती मातीने बुजलेली असेल तर एक्सल ऑइल सीलच्या फटीतून पाणी ओढतो. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंच बांधले की ही अडचण मोठ्या प्रमाणात सुटते. खर्च किरकोळ, काम अर्ध्या तासाचे.

पाणी आत गेले की नाही, हे डिफरन्शियलचा खालचा प्लग सांगतो. प्लग थोडासाच सैल करावा. गाडी बराच वेळ उभी असेल तर आधी तळाचे पाणी थेंबथेंब येते. चालवून लगेच उघडला तर तेल चहाच्या रंगाचे, दुधाळ दिसते. असे तेल दातांवर टिकत नाही आणि बेअरिंगला आतून गंज धरतो, म्हणून ते पावसाळा संपेपर्यंत ठेवू नये. प्लगच्या टोकाला चिकटलेला लेप दोन बोटांत चोळून पाहावा. मऊ, राखाडी मलम लागले तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर क्राउन-पिनिअनचा दात किंवा बेअरिंग फुटू लागले आहे. त्या दिवशी गाडी घाटात नेऊ नये.

तेल बदलताना 'नव्वद नंबर टाक' एवढे सांगून भागत नाही. एक्सलच्या हायपॉइड दातांना जीएल-५ दर्जाचे तेल लागते. तेच तेल गिअरबॉक्समध्ये घातले तर त्यातली काही रसायने सिंक्रोच्या पितळी कड्यांना त्रास देऊ शकतात, म्हणून तिथे बहुधा जीएल-४ सांगितलेले असते. ट्रान्स्फर केसचे तर आणखी वेगळे: काही जुन्या केसमध्ये गिअर ऑइल चालते, साखळीवर चालणाऱ्या केसला पातळ एटीएफ लागते. गाडीचे पुस्तक हरवले असेल तर त्याची प्रत मिळवावी. जुन्या गाडीसाठी केलेली ती सर्वांत स्वस्त खरेदी ठरते.

डिझेलच्या टाकीतही पाणी येते. टाकी अर्धी रिकामी असेल तर दमट हवेतले बाष्प रात्री थंडाव्याने आतल्या पत्र्यावर जमते आणि तळाला उतरते. पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवावी आणि फिल्टरखालचा स्क्रू उघडून आठवड्याला पाणी सोडावे. नव्या धाटणीच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे थार सीआरडीईसारख्या गाडीत, इंधनाचा दाब हजार बारच्या वर जातो. तिथे पाण्याचा अंश इंजेक्टरला महागात पडतो. जुना यांत्रिक पंप थोडे सोसतो, पण एअर लॉक झाला की हातपंप मारून हवा काढायची कला मालकाला यायलाच हवी. कोदाळीच्या जंगलात रात्री मिस्त्री बोलावता येत नाही.

दुसरा शत्रू धूळ. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते आणि ती सगळी एअर फिल्टरमधून येते. जुन्या जीपमध्ये ऑइल बाथ फिल्टर असतो: हवा तेलाच्या वाटीवरून वळते आणि माती तेलात बसते. वाटीच्या तळाला बोटभर लाल गाळ साचला की तेल बदलायची वेळ झाली. तळाला पाणी दिसले तर गाडी खोल पाण्यात गेली होती हे समजावे. फिल्टरइतकाच महत्त्वाचा आहे फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाईप. त्याला चीर गेली असेल तर फिल्टर कितीही स्वच्छ असो, जांभ्याची बारीक माती थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंग-पिस्टन वेळेआधी झिजतात. लाख-दोन लाख किलोमीटर आणखी चालले असते असे इंजिन एका पाईपच्या चिरेपायी काही महिन्यांत धुराला लागते.

धुराचा रंगही वाचता येतो. जोर लावताना काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त: फिल्टर, नोझल, पंप तपासावेत. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. ऑइल भरायचे झाकण चालू इंजिनावर उघडून पाहिले आणि तिथून जोराने भपकारे आले तर कॉम्प्रेशन रिंगांजवळून खाली उतरते आहे. इतके झाले की बोअरचे माप घेऊन निर्णय करावा. या भागाचे भाग्य असे की बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड सरफेसिंग करणारे कारागीर एका बाजूला बेळगावात आणि दुसऱ्या बाजूला कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहेत. इंजिन नव्याने बांधणे इथे अवघड नाही. ते करायची वेळ लांबवणे मालकाच्या हातात आहे.

लांबवण्याचा पहिला उपाय म्हणजे तापमान. तिलारी किंवा आंबोलीचा घाट भरल्या गाडीने चढताना रेडिएटरची खरी परीक्षा होते. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा समज गॅरेजातही आढळतो. कूलंटची इथली कामे दोन: उकळबिंदू वाढवणे आणि आतला गंज रोखणे. विहिरीचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे ओतले की रेडिएटरच्या नळ्यांत खपली बसते, आणि एका उन्हाळ्यात घाटमाथ्यावर काटा लाल पट्टीत जातो. दर दोन वर्षांनी रेडिएटर धुऊन कूलंट आणि शुद्ध पाणी भरावे. होज पाईप बोटांनी दाबून पाहावेत. कडक झालेला, फुगलेला किंवा भेगाळलेला पाईप त्याच दिवशी बदलावा. थर्मोस्टॅट काढून टाकायची जुनी खोड सोडावी. त्याच्याविना इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त खाते आणि सिलिंडरची झीज वाढते.

गाडीखाली शिरल्यावर हाताने तपासायच्या जागा मोजक्याच असतात. चाकांना दगड लावावेत, गिअर न्यूट्रल ठेवावा आणि प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळावा. यू जॉइंट, ज्याला गॅरेजात 'क्रॉस' म्हणतात, त्यात जराही खडखड जाणवता कामा नये. गिअर टाकताच खालून 'टक्' आवाज येत असेल तर क्रॉस बहुधा गेला आहे. तो तुटला तर सुटलेला शाफ्ट ब्रेकचा पाईपही तोडू शकतो. ग्रीस मारताना चारही टोप्यांतून जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत मारावे. पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात. कमानीच्या शॅकल पिना, यू बोल्ट आणि पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट हेही पाहावे. सेंटर बोल्ट तुटला की एक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. चालक मात्र टायरला दोष देत राहतो.

फोर व्हीलचा दांडा वर्षभर न हलवणे हीसुद्धा हयगय आहे. महिन्यातून एकदा ओल्या मातीवर दोन-तीन किलोमीटर चारही चाके चालवावीत, म्हणजे तेल सगळीकडे फिरते आणि दांडे आखडत नाहीत. कोरड्या डांबरावर मात्र फोर व्हील लावू नये. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये फरक सोसणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात ती घसरून जमवून घेतात, डांबरावर तो ताण क्रॉस आणि ट्रान्स्फर केसवर येतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र कोणतीच तडजोड नको. तिलारीचा घाट अरुंद, तीव्र उताराचा आणि तीक्ष्ण वळणांचा आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट-३ दर्जाचे ताजे ऑइल २०५ अंश सेल्सिअसला उकळते. ओल शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतात, चाकाजवळचे ऑइल उकळते, पाईपमध्ये वाफ होते आणि पायाखालचा पेडल पोकळ लागतो. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. दमट हवेच्या या तालुक्यात ब्रेक ऑइल दर वर्षी, निदान दोन वर्षांनी, पूर्ण बदलावे. घाट चढायला लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे. ओढा पार केला की पुढच्या शंभर पावलांत हलका ब्रेक दोन-चारदा दाबून लायनर वाळवावेत.

गंज हा सावकाश काम करतो आणि शेवटी तोच गाडी संपवतो. चासीच्या पोकळ भागांना पाणी निघायला भोके असतात. ती चिखलाने बुजली की आत महिनोन् महिने ओल राहते. पावसात दर आठवड्याला खालून पाण्याचा जोर मारून चिखल काढणे, भोके तारेने मोकळी करणे, हे काम शाळकरी मुलगाही करू शकतो. जळके इंजिन ऑइल खालून फासण्याची पद्धत सर्रास आहे. त्याने रबरी बुश फुगून खराब होतात आणि उरलेले तेल पावसाबरोबर शेतात, ओढ्यात जाते. त्यापेक्षा गंज खरवडून प्रायमर, रंग आणि वर गंजरोधक मेण लावावे.

या सगळ्याला वेळ कधी काढायचा, याचे उत्तर आपल्या पंचांगातच आहे. रोहिणी लागल्या की, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, गाडी एक दिवस उभी करावी: ब्रीदर, वायपर, टायर, ब्रेक, होज, बेल्ट, ग्रीस, बॅटरीची अर्थिंग. मिरगाच्या सरी आल्या की मग सवड मिळत नाही. दुसरी तपासणी खंडेनवमीच्या आधी. गाडीला झेंडूची माळ घालायला ती धुतली जातेच. त्याच दिवशी तिन्ही-चारही ठिकाणचे तेल, हबमधले ग्रीस आणि चासी पाहून घ्यावी. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. २३१९ लिहिले असेल तर तो टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. कमी फिरणाऱ्या जीपचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

आणि हे सारे वहीत लिहावे: तारीख, काय बदलले, कुठल्या बनावटीचे, पुढचे काम कधी. गुंथर होल्टॉर्फ या जर्मन गृहस्थाने १९८८ च्या मर्सिडीज ३०० जीडी गाडीतून पाव शतक जगभर प्रवास केला. 'ओट्टो' नावाच्या त्या जीपने जवळजवळ नऊ लाख किलोमीटर पार केले आणि २०१४ मध्ये ती स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात गेली. देखभाल-दुरुस्ती बहुतांश तो स्वतः करायचा आणि सुटे भाग गाडीतच बाळगायचा. चंदगडच्या मालकाला त्याच्याइतके सामान नको. एक फॅन बेल्ट, दोन होज आणि क्लिपा, डिझेल फिल्टर, एक क्रॉस, फ्यूज, ब्रेक ऑइलची बाटली, ओढायचा दोर आणि टॉर्च इतके सीटखाली मावते.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ ला मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले होते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची परवानगी घ्यावी. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. चासी कापून, रुंद चाके लावून 'भारी' केलेली जीप विकत घेताना हे आठवावे.

इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, कमानी हे सारे दुरुस्त होते, बदलता येते. चासीचे तसे नाही. कमानीच्या हँगरजवळ किंवा स्टीअरिंग बॉक्सच्या बैठकीपाशी चीर गेली असेल, तिथे आधीच दोन-तीनदा वेल्डिंग झाले असेल आणि हातोडीच्या टोकाने पत्रा आत दबत असेल, तर त्या गाडीत माणसे बसवून घाट उतरू नये. तिचे चांगले भाग काढून घ्यावेत, नोंदणी रीतसर रद्द करावी आणि गाडी मोडीत द्यावी.